सतरा वर्षांत ११ होमरन, तरीही हॉल ऑफ फेम? रे शाल्कबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर

प्रश्न असा आहे: शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाचा कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा) रे शाल्क याची बॅटिंगची सरासरी ०.२५३, म्हणजे दर हजार प्रयत्नांत २५३ हिट (यशस्वी फटके); अख्ख्या कारकिर्दीत होमरन (बॅटरला एका दमात घरी आणणारा फटका) फक्त ११. हॉल ऑफ फेम हे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंचं मानाचं दालन; त्यातल्या पिचर (चेंडू टाकणारा) नसलेल्या खेळाडूंत इतकी खालची सरासरी दुसऱ्या कुणाची नाही. मग त्याला आत घेतलं कसं? १९१९ च्या फिक्सिंगमध्ये, म्हणजे त्याच्याच संघातल्या काहींनी पैसे घेऊन वर्ल्ड सिरीज (मोसमाची अंतिम मालिका) हरायचं ठरवलं त्यात, त्याने हात काळे केले नाहीत, त्याचं हे बक्षीस होतं का? आणि तो कॅचर होता, तर त्याला आधी काहीच कळलं नसेल का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आकड्यांतून देता येतात. तिसऱ्याचं उत्तर होम प्लेटमागे (बॅटर उभा राहतो त्या जागेमागे) बसलेला माणूसच नीट देऊ शकेल, म्हणून लिहायला घेतलं. मी शाळेपासून सॉफ्टबॉल आणि नंतर बेसबॉल खेळलो, दोन्हीकडे कॅचर म्हणूनच. गेली बावीस वर्षं पोरांना कॅचिंग शिकवतोय. माझ्या उजव्या हाताची करंगळी आता सरळ होत नाही. त्यामुळे मी निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगून टाकतो.

अकरा होमरनचं आधी बघू. १९१८ साली अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक होमरन मारणारे दोघे होते, बेब रूथ आणि टिली वॉकर. दोघांचे प्रत्येकी किती? अकरा. शाल्कने सतरा वर्षांत जेवढे मारले तेवढ्यात त्या वर्षी लीगमधला पहिला नंबर मिळत होता. दोनच वर्षांनी रूथने एका मोसमात ५४ मारले आणि खेळच बदलला. आपण शाल्ककडे बघतो ते त्या ५४ च्या पलीकडून. तो घडला मात्र अलीकडच्या काठावर, १९१२ ते १९१९ च्या काळात.

त्या काळचा बेसबॉल कसा होता, हे समजल्याशिवाय कॅचरची किंमत कळत नाही. एकच चेंडू इनिंगच्या इनिंग चालायचा. माती, थुंकी, तंबाखूचा रस लागून काळाठिक्कर पडायचा, मऊ व्हायचा, फटका मारला तरी लांब जायचा नाही. मग रन करायचे कसे? बाहेरचे चार चेंडू सोडून वॉक, म्हणजे फुकटचा पहिला बेस, मिळवायचा, बंट करून (बॅट नुसती टेकवून) रनरला पुढच्या बेसवर सरकवायचं, पिचर चेंडू टाकत असताना पळून पुढचा बेस चोरायचा, एखादा हिट मिळाला की घरी, म्हणजे होम प्लेटवर, यायचं. एकेक रन असा पै-पै जोडावा लागायचा. आणि बेस चोरणाऱ्याला रोखणारा मैदानात एकच माणूस, कॅचर. होम प्लेटपासून सेकंड बेस साधारण ३८.८ मीटरवर असतो. उकिडव्यातून उठायचं, पाय जुळवायचे, थुंकीने बुळबुळीत झालेला चेंडू पकडीत घ्यायचा आणि दोन सेकंदांच्या आसपास तिथे पोचवायचा. आज माझी पोरं कोऱ्या चेंडूने हे करताना रडतात.

शाल्क हा इलिनॉयमधल्या हार्वेल या लहानशा गावात १८९२ च्या ऑगस्टमध्ये जन्मला आणि लिचफिल्डला वाढला. आईबाप जर्मन वंशाचे. शाळा सोडून छपाईच्या धंद्यात शिरला होता, पण चेंडूने ओढून आणलं. खालच्या लीगमधून मिलवॉकी, तिथून व्हाइट सॉक्सने विकत घेतला आणि ११ ऑगस्ट १९१२ रोजी, म्हणजे विसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तो पहिल्यांदा मोठ्या लीगमध्ये प्लेटमागे बसला. नोंदीत उंची पाच फूट नऊ इंच आणि वजन ७५ किलोच्या आसपास. त्या वेळी कॅचर म्हणजे थोराड, जाड बोटांचा, संथ गडी अशी समजूत होती. हा तर पळणारा निघाला. १९१६ साली त्याने ३० बेस चोरले. कॅचरने एका मोसमात इतके बेस चोरण्याचा हा विक्रम १९८२ पर्यंत टिकला.

आता हातांबद्दल. आज कॅचर एका हाताने झेलतो, दुसरा हात पाठीमागे किंवा घोट्याजवळ लपवतो. ही सोय नंतरची. बिजागरीसारखा मिटणारा मिट (कॅचरचा जाड हातमोजा) आला आणि १९६० च्या दशकात ती पद्धत रुळली. शाल्कच्या काळातला मिट म्हणजे गोल उशी. मधोमध छोटासा खळगा, चेंडू त्यात आपोआप बसत नाही, उडून बाहेर पडतो. म्हणून उजवा हात मिटच्या शेजारी ठेवावाच लागतो. मूठ सैल मिटायची, अंगठा आत घ्यायचा आणि चेंडू मिटला लागला, की त्या क्षणी मूठ उघडून त्याला दाबून धरायचं. मूठ क्षणभर आधी उघडली, तर बोट गेलंच. मी हौसेखातर तसा एक जुना मिट मिळवून सरावात वापरून बघितला. वीस चेंडूंनंतर काढून ठेवला. गुडघ्याखालचे लेगगार्डसुद्धा तेव्हा नवेच होते. न्यूयॉर्क जायंट्सच्या रॉजर ब्रेस्नाहनने १९०७ साली ते उघडपणे घालायला सुरुवात केली, तेव्हा लोक हसले होते.

आणि शाल्ककडे येणारे चेंडू कसे, तर एकही सरळ नाही. एड वॉल्श आणि रेड फेबर थुंकी लावून टाकणारे. एडी सिकॉट बोटांच्या टोकांवरून न फिरणारा नकल बॉल टाकायचा, वर पँटवर चेंडूची एक बाजू घासून चकाकवायचा. असा चेंडू कुठे वळणार, हे टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. या लोकांसमोर हा माणूस वर्षाला शंभराहून अधिक सामने बसला, आणि हे सलग अकरा वर्षं चाललं. १९२० साली तर १५४ सामन्यांच्या मोसमात त्याने १५१ सामन्यांत कॅचिंग केलं. फिल्डिंगच्या टक्केवारीत तो लीगच्या कॅचरांमध्ये आठ मोसम पहिला होता. (थोडं विषयांतर: १९२५ च्या मे महिन्यात शिकागोच्या ट्रिब्यून टॉवरवरून, ४६३ फुटांवरून सोडलेला चेंडू त्याने खाली रस्त्यावर उभं राहून झेलला होता. वॉशिंग्टनच्या गॅबी स्ट्रीटने त्याआधी, १९०८ मध्ये, वॉशिंग्टन स्मारकावरून सोडलेला झेलला होता. कॅचर लोकांना अशी खाज असतेच.)

पण शाल्क मला आवडतो तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. बेसवर कुणी नाही, बॅटरने जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या फील्डरकडे) चेंडू मारला. आता कॅचरला काय काम? काहीच नाही, मास्क वर करून बघत उभं राहायचं. शाल्क अशा वेळी सगळं सामान अंगावर असताना बॅटरच्या बाजूबाजूने फर्स्ट बेसच्या मागे धावायचा. शॉर्टस्टॉपचा थ्रो हुकला, फर्स्ट बेसमनच्या हातून सुटला, तर पाठीमागे शाल्क उभा. थर्ड बेसच्या मागेही तसंच. ही बॅकअपला धावण्याची रीत कॅचरांमध्ये त्याने पाडली, असं त्याच्या नावावर सांगितलं जातं. चारही बेसवर त्याने रनर आऊट केल्याच्या नोंदी आहेत, त्या या धावण्यामुळेच.

हिशेब करा. वीस वेळा धावलं, तर एकदा थ्रो हुकतो. उरलेल्या एकोणीस वेळच्या धावण्याची कुठल्याही रकान्यात नोंद होत नाही. आणि ज्या एका वेळी तो कामी येतो, तेव्हाही कागदावर काय उमटतं? रनर फर्स्ट बेसवरच थांबला, एवढंच. जे घडलं नाही त्याचा रकाना स्कोअरबुकात नसतो. मी पोरांना हे धावणं शिकवतो तेव्हा पहिल्या आठवड्यात सगळे धावतात, दुसऱ्यात निम्मे. महिन्याभराने एखादाच उरतो. तो माझा कॅचर.

कॅचर प्लेटवरून हलला आणि बॅकअपला कुणी आलं नाही तर काय होतं, हे बघायचं असेल तर १९१७ ची वर्ल्ड सिरीज बघा. व्हाइट सॉक्सने त्या मोसमात १०० सामने जिंकले होते आणि समोर जायंट्स होते. सहावा सामना, चौथी इनिंग. सॉक्सचा एडी कॉलिन्स थर्ड बेस आणि होम यांच्यामध्ये सापडला. जायंट्सचा कॅचर बिल रॅरिडन त्याला कोंडायला रेषेवर पुढे आला. चेंडू थर्ड बेसमन हाइनी झिमरमनच्या हातात. कॉलिन्सने पाहिलं की रॅरिडन जरा जास्तच पुढे आलाय, आणि तो त्याच्या बाजूने सटकला. आता प्लेटवर कोण? पिचर तिथे पोचला नव्हता, फर्स्ट बेसमनही नाही. प्लेट उघडी. बिचारा झिमरमन हातात चेंडू घेऊन कॉलिन्सच्या मागे पळत राहिला, द्यायला समोर माणूसच नव्हता. कॉलिन्स घरी पोचला, सॉक्सने तो सामना आणि सिरीज जिंकली. जन्मभर हसं झालं ते झिमरमनचं. माझ्या मते त्याचा त्यात काडीचा दोष नव्हता. दोष न आलेल्या माणसांचा.

आता १९१९. सिनसिनाटी रेड्सविरुद्धची वर्ल्ड सिरीज, पाच सामने जिंकेल तो विजेता. व्हाइट सॉक्सच्या काही खेळाडूंनी जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन हरायचं ठरवलं होतं. त्यात सिकॉट आणि लेफ्टी विल्यम्स हे दोघे मुख्य पिचर. पुढे आठ जणांवर ठपका आला. शाल्क त्यात नव्हता.

त्याला कळलं असेल का? कॅचरला काय काय कळतं ते सांगतो. सिग्नल तोच देतो: मांड्यांच्या मधे एक बोट म्हणजे वेगवान, दोन म्हणजे वळणारा. पिचर मान हलवतो आणि त्याच क्षणी कॅचरचं शरीर त्या चेंडूसाठी तयार होतं. मागितला वळणारा आणि आला सरळ, की मिट चुकीच्या जागी असतो आणि उघडा हात चेंडूच्या वाटेत. पिचरची चूक मैदानाला दिसायच्या आधी कॅचरच्या बोटांना कळते.

चुकाही ओळखता येतात. दमलेल्या पिचरचा कोपर खाली येतो, चेंडू वर राहतो. घाबरलेला पिचर घाई करतो, चेंडू आपटतो. पण हात नेहमीसारखा सुरेख फिरतोय, वेग नेहमीचा आहे आणि चेंडू दर वेळी कोपऱ्याच्या चार बोटं बाहेर, हे प्रकरण वेगळं असतं. मी स्वतः एकदा ते अनुभवलंय. एका स्थानिक स्पर्धेत आमचा पिचर कर्णधारपद न मिळाल्याने रुसला होता. दुसऱ्या इनिंगमध्येच माझ्या लक्षात आलं की हा माझे सिग्नल बघतो आणि दुसरंच टाकतो. सरांना सांगितलं. ते म्हणाले, अरे, असतो एखादा दिवस. पुढच्याच इनिंगला दोन बोटं दाखवली आणि सणसणीत सरळ आला. करंगळीची गोष्ट ती. पण सिद्ध काय करणार होतो? चेंडू बाहेर गेला हे सगळ्यांना दिसलं, मुद्दाम गेला हे फक्त मला माहीत होतं.

पहिल्या सामन्यात सिकॉटने दुसराच चेंडू बॅटर मॉरी रॅथच्या अंगावर घातला. जुगाऱ्यांना दिलेली ती खूण होती, असं नंतर सांगितलं गेलं. रेड्सने ९-१ ने जिंकलं. दुसऱ्या सामन्यात विल्यम्स. हा माणूस नेमक्या नियंत्रणासाठी प्रसिद्ध. अख्ख्या मोसमात तीनशेच्या आसपास इनिंग टाकून साठाहून कमी वॉक दिलेले. त्या दिवशी एका सामन्यात सहा वॉक, त्यांतले तीन एकट्या चौथ्या इनिंगमध्ये, आणि मग लॅरी कॉफचा ट्रिपल (थेट थर्ड बेसपर्यंत नेणारा फटका). रेड्सला हिट मिळाले फक्त चार, तरी ते ४-२ ने जिंकले. हा स्कोअर कुठल्याही कॅचरला दाखवा. चार हिट देणाऱ्या पिचरचा हात त्या दिवशी उत्तम चालला होता, आणि सहा वॉक सांगतात की तो हवा तेव्हाच चालत होता.

सामन्यानंतर शाल्क विल्यम्सच्या अंगावर धावून गेला असं सांगतात. ही कथा इतक्या तोंडांतून गेलीय की तिच्यावर मी वजन टाकणार नाही. वजन टाकतो ते तिसऱ्या सामन्यावर. पिचर छोटा डिकी कर, कटात नसलेला. तीनच हिट दिले, ३-० ने जिंकला. तोच कॅचर, तोच मिट, तेच सिग्नल. दोन दिवस मागितलेलं आलं नाही आणि तिसऱ्या दिवशी सगळं जागच्या जागी आलं, तर प्लेटमागच्या माणसाला आणखी काय सांगायला हवं? पाचव्या सामन्यात होम प्लेटवरच्या एका निर्णयावरून शाल्क पंचांवर इतका भडकला की त्याला बाहेर काढलं. सिरीजमध्ये त्याची बॅटिंग सरासरी ०.३०४ होती. सॉक्स ५-३ ने हरले. विल्यम्सने तीन सामने टाकले आणि तिन्ही हरला.

म्हणजे कळलं होतं, माझ्या मते दुसऱ्या सामन्याच्या आत. त्या डिसेंबरात एका साप्ताहिकाने शाल्कच्या तोंडी छापलं की सात खेळाडू पुढच्या वर्षी संघात दिसणार नाहीत. जानेवारीत त्याने ते नाकारलं. नंतर मरेपर्यंत, म्हणजे १९७० पर्यंत, या विषयावर तो जवळजवळ काही बोललाच नाही. लेखक आले, पत्रकार आले, सगळे रिकाम्या हाती गेले.

या मौनाचं कौतुक करणारे बरेच आहेत. मला ते पूर्ण पटत नाही. पण १९२० च्या मोसमाचा विचार केला की मी गप्प होतो. त्या वर्षी व्हाइट सॉक्सच्या चार पिचरांनी वीस किंवा जास्त सामने जिंकले: फेबर २३, विल्यम्स २२, सिकॉट आणि कर प्रत्येकी २१. चौघांचाही कॅचर शाल्क. ज्या दोघांनी आपल्या हातावर खोटं टाकलं असं याला वाटत होतं, त्यांच्यासमोर तो एप्रिल ते सप्टेंबर रोज बसला, बोटं दाखवली, त्यांना सामने जिंकून दिले. २८ सप्टेंबर १९२० ला सिकॉटने कबुली दिली. संघ तेव्हा विजेतेपदाच्या शर्यतीत होता. निलंबनं झाली आणि क्लीव्हलँड दोन सामन्यांच्या फरकाने पुढे निघून गेलं. १९२१ च्या ऑगस्टमध्ये कोर्टाने आरोपी खेळाडूंना सोडलं आणि दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे आयुक्त लँडिस यांनी आठही जणांना कायमचं घरी बसवलं.

उरलेला संघ १९२१ मध्ये सातव्या नंबरावर गेला. शाल्क तिथेच राहिला. ३० एप्रिल १९२२ रोजी डेट्रॉइटमध्ये त्याने चार्ली रॉबर्टसन या नवख्या पिचरकडून परफेक्ट गेम काढून घेतला. २७ बॅटर आले, २७ गेले, त्यांत टाय कॉब होता, हॅरी हाइलमन होता, दोघेही त्या काळचे दादा बॅटर. रॉबर्टसनची पूर्ण कारकीर्द ४९ विजय आणि ८० पराभवांची. असा पिचर एका दुपारी इतका मोठा कसा झाला? लेफ्ट फील्डला जॉनी मॉस्टिलने एक अवघड झेल घेतला, हे खरं. पण त्याच्यापुढे बोटं कोण दाखवत होतं, हेही बघा. त्याच वर्षी जूनमध्ये या दुबळ्या बॅटरने एकाच सामन्यात सिंगल, डबल, ट्रिपल आणि होमरन असं चक्र पूर्ण केलं, पण ते सोडून द्या, तो त्याचा धंदा नव्हता.

आता बक्षिसाचं. १९५५ साली त्याला निवडलं ते पत्रकारांच्या मतदानाने नव्हे, जुन्या खेळाडूंचा विचार करणाऱ्या समितीने. १९१९ मधल्या त्याच्या स्वच्छ हातांचा त्यात वाटा होता, हे मी मान्य करतो. बॅट थोडी बरी असती तर वाट बघावी लागली नसती, हेही. पण 'नुसता कॅचिंगवर आत गेला' हे म्हणणं चूक आहे. नुसतं कॅचिंग म्हणजे काय, ते ब्रुकलिनच्या बिल बर्गेनकडे बघून कळतं. शाल्कच्या जरा आधीचा, हात अप्रतिम, आणि बॅटिंगची सरासरी ०.१७०. त्याला हॉल ऑफ फेमने दारातही उभं केलं नाही. शाल्कने १३४५ हिट मारले, पावणेदोनशेहून अधिक बेस चोरले, १७२७ सामन्यांत कॅचिंग केलं. रूथच्या आधीच्या काळात कॅचरकडून याहून जास्त मागत नसत.

नंतरचं थोडक्यात. १९२७ आणि १९२८ मध्ये तो व्हाइट सॉक्सचा व्यवस्थापक होता, जमलं नाही. १९२९ मध्ये जायंट्ससाठी पाच सामने, मग बफेलोसारख्या खालच्या लीगच्या संघांची जबाबदारी. शिकागोत बोलिंगची (पिना पाडायच्या खेळाची) जागा चालवली, पर्ड्यू विद्यापीठात पोरांना कोचिंग केलं.

एक नाव राहिलं, रेड फेबर. १९१७ च्या सिरीजमध्ये तीन सामने जिंकणारा हा पिचर १९१९ ला आजारपण आणि दुखापतीमुळे एकही चेंडू टाकू शकला नाही. फेबर धडधाकट असता तर ते प्रकरण घडलंच नसतं, असं शाल्कचं मत होतं. १९१९ नंतर व्हाइट सॉक्स पुन्हा वर्ल्ड सिरीजला पोचले ते थेट १९५९ मध्ये. पहिला सामना शिकागोत, १ ऑक्टोबरला. सिकॉटने रॅथच्या अंगावर चेंडू घातला त्याला त्या दिवशी बरोब्बर चाळीस वर्षं झाली होती. सामन्याआधीचा मानाचा चेंडू टाकायला ७१ वर्षांच्या फेबरला बोलावलं होतं. झेलायला शाल्क होता, वय ६७.

सॉक्सने तो सामना ११-० ने जिंकला.